भुयारातील भय आणि चित्रफितीची साक्ष

‘फाउंड फुटेज’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भयपटाचा एक संकेत असतो. पडद्यावर दिसते ते कोणी रचलेले नसून घटनेच्या वेळीच चित्रित झालेल्या व मागाहून हाती लागलेल्या फिती आहेत, असे प्रेक्षकाने मानावयाचे. ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ (१९९९) या चित्रपटाने हा प्रकार लोकप्रिय केला. परंतु मराठी अभ्यासकाला त्यामागील कल्पना परकी वाटू नये. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करताना समकालीन अस्सल पत्रांना उत्तरकालीन बखरींहून श्रेष्ठ मानले. प्रस्तुत भयपट अस्सल पत्राचाच वेष धारण करतो.

या वेषात एक उणीव मात्र राहते. संकट समोर ठाकले असता पात्रे कॅमेरा टाकून पळत का नाहीत? बहुतेक चित्रपटांची उत्तरे येथे लटकी पडतात. भुयारात ही अडचण आपोआप सुटते, कारण तेथे कॅमेऱ्याचा दिवा हाच डोळा असतो. एकोडीसारख्या धानाच्या गावी जमीन म्हणजे उघड्यावर पसरलेल्या बांध्या. पण त्याच भंडारा जिल्ह्यात, तुमसर तालुक्यातील चिखला येथे, मँगनीजची भूमिगत खाण आहे. अशा खाणीत कामगाराच्या टोपीवरील दिवा मान वळेल तेवढेच दाखवितो. पाठीमागचे कानांनी ओळखावे लागते. भुयारातील चित्रणाचे व्याकरण नेमके हेच होय.

कार्लो लेडेस्मा दिग्दर्शित ‘द टनेल’ (२०११) या ऑस्ट्रेलियन चित्रपटात ते उत्तम साधले आहे. सिडनीच्या सेंट जेम्स स्थानकाखालील वापरात नसलेल्या बोगद्यांतील पाणी उपयोगात आणण्याची योजना शासन एकाएकी गुंडाळते, आणि कारण शोधण्यास चार वृत्तचित्रकार खाली उतरतात. हे बोगदे खरे आहेत. दुसऱ्या महायुद्धात त्यांचा काही भाग हवाई हल्ल्यापासून आश्रयासाठी वापरला गेला होता. चौघांपैकी प्रथम नाहीसा होतो तो ध्वनिमुद्रक. दृष्टी दिव्यापुरती उरली असताना ऐकणारा कान आधी हिरावला जावा, ही योजना मार्मिक आहे. (निर्मात्यांची भांडवल उभारणीही नमूद करण्याजोगी: सेकंदाला २५ याप्रमाणे ९० मिनिटांच्या १,३५,००० चौकटी प्रत्येकी एका डॉलरला विक्रीस काढल्या.)

या फितींच्या मध्ये वाचलेल्या दोघांच्या मुलाखती पेरल्या आहेत. म्हणजे पत्रांच्या जोडीला बखरही आहे. कोण वाचणार हे त्यामुळे आधीच कळते, तरी भय ओसरत नाही. उलट, आठवण आणि फीत यांत कोठे अंतर पडते हे आपण शोधू लागतो. परवानगी नसता सहकाऱ्यांना खाली नेणाऱ्या वार्ताहर स्त्रीचे निवेदन त्या दृष्टीने पुनःपुन्हा तपासावेसे वाटते.

आपल्याकडील ‘तुंबाड’ (२०१८) शी तुलना करता भेद स्पष्ट होतो. राही अनिल बर्वे यांच्या या हिंदी चित्रपटातही वाड्याखालच्या गर्भात उतरावे लागते, पण तेथील कॅमेरा कोणाच्याही हातात नाही. त्यामुळे नायक संकटात असला तरी प्रेक्षकाची दृष्टी सुरक्षित राहते. ‘द टनेल’मध्ये हातातील दिवा विझला की पात्राबरोबर प्रेक्षकही आंधळा होतो.