ओट्याखाली काय दडले आहे?

खानदेशातून सुरतेस जाऊन स्थायिक झालेली मराठी कुटुंबे थोडीथोडकी नाहीत. उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या भागांत पावलोपावली मराठी कानी पडते. महानगरपालिका तेथे मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळाही चालविते. आपल्याकडूनही काही घरची मुले तिकडे गेली आहेत. यंत्रमागावर, कापडबाजारात किंवा हिऱ्यांच्या कारखान्यात राबून, हप्ते भरून, दोन खोल्यांचे घर झाले की पुढचा विचार स्वयंपाकघराचा येतो. गावी राहिलेले आईवडीलही कनवटीचे चार पैसे त्यात घालतात. दुकानात मांडलेले तयार स्वयंपाकघर, ज्याला आता सर्रास मॉड्युलर किचन म्हणतात, पाहून सूनबाई हरखून जाते. आणि मग एका पावसाळ्यात सिंकखालची फळी फुगते, दार खाली लोंबते, ट्रॉली अडकते. हप्ते मात्र अजून फिटावयाचे असतात.

असे का होते? आपण स्वयंपाकघराचे तोंड पाहून ते घेतो म्हणून. दाराचा रंग आणि चकाकी ही या मालातील सर्वांत स्वस्त गोष्ट आहे. खरा पैसा जेथे घालावयास हवा तो भाग ओट्याखाली, दाराआड, भिंतीकडे तोंड करून उभा असतो.

बसविलेले स्वयंपाकघर हे श्रीमंतांचे लाड आहेत, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. १९२६ साली जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहरात मार्गारेटे श्युट्टे-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार बाईंनी त्याचा नमुना आखला, तो कामगारवर्गाच्या नव्या वसाहतींसाठी. आगगाडीच्या भोजनडब्यातील चिंचोळे स्वयंपाकघर त्यांच्या डोळ्यांपुढे होते. सुमारे १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब एवढ्या जागेत त्यांनी सारे बसविले आणि अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे तयार झाली. परंतु काटकसर करताना त्यांनी लाकडाची निवड विचारपूर्वक केली. पिठाच्या खणाला ओक, कारण त्याला कीड सहसा लागत नाही. चिरण्याच्या फळीला बीच, कारण ती डाग आणि सुरीचे घाव सोसते. कोठे काय लागते हे आधी ठरवून मग पैसा खर्चावा, ही दृष्टी आपणही उचलण्याजोगी आहे.

आपल्याकडेही गरिबाचे बसविलेले स्वयंपाकघर होतेच. कडप्प्याचा ओटा, त्याखाली कडप्प्याचेच उभे-आडवे कप्पे आणि पुढे पडदा! दिसावयास ओबडधोबड, परंतु त्याला पाणी लागो, वाळवी येवो, काही होत नाही. आमचे स्पष्ट मत असे, की ज्यांचा हात आखडता आहे त्यांनी ओट्याखालचा सांगाडा आजही कडप्प्याचा किंवा कोटा फरशीचाच करून घ्यावा आणि दुकानातून केवळ दारे व ट्रॉल्या घ्याव्यात. बिल्डरने असे कप्पे आधीच करून दिले असतील, तर ते तोडून लाकडी खोकी बसविण्याच्या भरीस मुळीच पडू नये. एवढेच ध्यानात असू द्यावे, की कडप्पा हा चुनखडीच्या जातीचा दगड असल्याने लिंबू, चिंच, व्हिनेगर सांडून राहिले तर त्यावर डाग उठतो. म्हणून वरचा ओटा ग्रॅनाइटचा असलेला बरा.

लाकडी खोकीच घ्यावयाची असल्यास प्रथम विचारावे, माल कोणता? उत्तर “वॉटरप्रूफ आहे” एवढेच मिळाले, तर ते उत्तर नव्हे. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा भुसा व चुरा गोंदात दाबून केलेली फळी. ती सर्वांत स्वस्त. एकदा तिच्या पोटात पाणी शिरले की चुरा फुगतो आणि वाळल्यावरही पूर्ववत होत नाही. एमडीएफ त्याहून बारीक तंतूंची आणि गुळगुळीत. दारांना चालते, परंतु साधी एमडीएफ ओलाव्याला तितकीच नाजूक. एचडीएचएमआर या लांबलचक नावाची फळी अधिक घट्ट असते. ती ओलावा बराच सोसते, तरी पाण्यात उभी राहावयाची नाही. प्लायवूडमध्ये लाकडाचे पातळ थर आडवे-उभे चिकटविलेले असतात. त्यातही भेद आहे. सामान्य प्लायवूडचे भारतीय मानक आय.एस. ३०३, त्यातील ‘एम.आर.’ जातीचा अर्थ केवळ दमट हवा सोसणारा. मरीन प्लायवूडचे मानक आय.एस. ७१०, त्याचा नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासतात. हल्ली पीव्हीसीच्या फेसाळ फळ्यांची स्वयंपाकघरेही स्वस्तात मिळतात. त्यांना पाणी किंवा वाळवी लागत नाही हे खरे, परंतु शेगडीच्या धगीने त्या मऊ पडतात, वजनाने वाकतात आणि त्यांत स्क्रू घट्ट धरत नाही.

फळीवर आय.एस.आय.चा शिक्का असेल तर त्याच्या वर मानकाचा क्रमांक आणि खाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक छापलेला असतो. मोबाईलवरील ‘बी.आय.एस. केअर’ या ॲपमध्ये तो घालून पाहिला, की परवाना कोणाचा व चालू आहे की नाही हे कळते. घरातील शाळकरी पोरही हे दोन मिनिटांत करील.

आता मुख्य गोष्ट. दुकानदारास फळीची कापलेली, उघडी कड दाखवावयास सांगावे. थर दिसले तर प्लायवूड, चुरा दिसला तर पार्टिकल बोर्ड. येथे कोणाची फसवणूक चालत नाही. थरांमध्ये पोकळ जागा दिसल्या तर तो माल हलका. मग तयार खोक्याच्या कडेच्या पट्टीवरून नख फिरवावे. नख अडकले, गोंद बाहेर आलेला दिसला किंवा पट्टी कोपऱ्यात उचललेली असली तर ती हाताने चिकटविलेली आहे असे समजावे. पाणी सपाट पृष्ठभागातून आत जात नाही, कडेतून जाते. पुढच्या कडेला सारेच पट्टी लावतात; मागच्या व खालच्या कडांना लावली आहे काय, हे खोके उलटे करून पाहावे. त्याहून अधिक दुर्लक्षित जागा म्हणजे सिंकच्या नळीसाठी मिस्त्रीने घरी येऊन पाडलेले भोक. तेथे फळी उघडी पडते आणि नेमके तेथेच रोज थेंब गळतो. ते भोक पाडल्याबरोबर सिलिकॉनने भरून घ्यावे आणि मिस्त्रीने ते भरेपर्यंत जागचे हलू नये. सिंकखालचे एक खोके तरी मरीन प्लायवूडचे किंवा दगडाचे असावे. बाकीची त्याहून हलकी असली तरी निभावते.

सुरतेत आणखी एक पथ्य पाळावे लागते. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला पूर आला आणि शहराचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला. तशा पुरापुढे कोणतीच फळी टिकत नाही. परंतु लिंबायतसारख्या भागात मिठी खाडीचे पाणी अतिवृष्टीत घरांच्या उंबऱ्याशी येते, ते कित्येकदा वीतभरच असते. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी खोकी थेट जमिनीवर न ठेवता पायांवर किंवा विटांच्या चौथऱ्यावर घ्यावी. पाय प्लॅस्टिकचे वा स्टीलचे असावेत. लाकडी ठोकळे नकोत.

ट्रॉल्यांच्या बाबतीत लोहचुंबकाची एक परीक्षा दुकानातून दाखविली जाते: “पाहा, चिकटत नाही, म्हणजे उत्तम स्टील!” ही परीक्षा अपुरी आहे. ३०४ आणि २०२ या दोन्ही प्रकारच्या स्टीलला चुंबक सहसा चिकटत नाही. २०२ मध्ये मात्र निकेल कमी असते आणि मीठ, खारी हवा लागली की ते लवकर गंजते. म्हणून बिलावर ‘३०४’ असे लिहवून घ्यावे. ट्रॉली पूर्ण बाहेर ओढून टोकाशी हाताने दाबावी. ती कलली किंवा करकरली तर गहू-तांदळाच्या डब्यांखाली तिचे काय होईल? पार्टिकल बोर्डमध्ये एकदा काढलेला स्क्रू दुसऱ्यांदा नीट बसत नाही, हेही भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी विसरू नये. घर बदलताना असे स्वयंपाकघर बरोबर नेता येत नाही.

नव्या फळ्यांना उग्र वास येत असेल आणि डोळे चुरचुरत असतील, तर तो गोंदातील फॉर्मल्डिहाइडचा असण्याचा संभव आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली हा वायू कर्करोगकारक ठरविला. ‘ई-१’ म्हणजे कमी वायू सोडणाऱ्या फळ्या मागाव्यात आणि पहिले काही दिवस खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

ओट्याची उंची दुकानाच्या मापाने ठरवू नये. जी पोळ्या लाटणार तिने उभे राहून कोपर वाकवावे. कोपरापासून चार बोटे ते वीतभर खाली ओटा आला, तर पाठ व खांदे दुखत नाहीत. घरात सासू बुटकी आणि सून उंच असली तर? जी अधिक वेळ उभी राहते तिचे माप घ्यावे. फ्रँकफुर्टच्या त्या बाईंनी बसून काम करण्यासाठी एक फिरते स्टूलही ठेवले होते. आपल्याकडे याचा विचार कोणी करीत नाही, याचे नवल वाटते.

गॅसच्या बाबतीत तडजोड नको. सिलिंडरचा गॅस हवेहून जड असतो. बंद कपाटात तो गळला तर तळाशी साचून राहतो. म्हणून सिलिंडर कपाटात ठेवणे टाळावेच. ठेवावाच लागला तर दाराला अगदी खाली हवेसाठी मोकळ्या फटी हव्यात. सुरतेत अनेक घरी गुजरात गॅसचा नळाने येणारा वायू असतो. तो हवेहून हलका, म्हणून तेथे वरच्या बाजूस मोकळीक लागते. पूर्ण बंद, सुंदर दार येथे घातक आहे.

भाव फुटावर सांगितला जातो. त्यात ट्रॉल्या, बिजागऱ्या, बसविण्याची मजुरी आणि कर धरले आहेत काय, हे आधी विचारावे. सगळे स्वयंपाकघर एकदम करण्याइतका पैसा नसेल तर या वर्षी ओट्याखालचे चांगले करावे. वरची कपाटे पुढे होतील, तोवर भिंतीवर फळी आहेच. पक्क्या बिलावर फळीचा प्रकार, मानक क्रमांक, जाडी आणि हमीची मुदत लिहिलेली असावी. तक्रारीची वेळ आलीच तर १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या मालासाठी तेथे शुल्क पडत नाही. ते बिल मात्र डब्यात जपून ठेवावे.