आखाताच्या काठाने (लेखांक ६) : तिथीवर भरणारा बाजार

गेल्या आठवड्यात आपण महाछाईच्या मासळी बंदरात थांबलो होतो. तिथून पुढे जायचं तर ताचिन नदी ओलांडायला हवी, आणि रेल्वेने आलेल्या माणसालाही ती तरीत बसूनच ओलांडावी लागते. बँकॉकच्या वोंगवियन याई स्टेशनातून निघालेला रूळ नदीच्या अलीकडे संपतो आणि पलीकडच्या काठावर दुसरा सुरू होतो. मधे पूल नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे दोन तुकडे वेगवेगळे बांधले गेले. पलीकडचा, मे क्लोंग गावापर्यंतचा, १९०५ साली सुरू झाला. किनाऱ्याची मासळी आणि बागांचा माल राजधानीत न्यायचा, एवढंच त्या रुळांचं काम होतं. थाई रेल्वेच्या बाकीच्या जाळ्याशी हा मार्ग आजही कुठे जोडलेला नाही. मिठागरं, कोळंबीची तळी आणि खारफुटी यांच्यामधून डुलत डुलत गाडी तासाभरात मे क्लोंगला पोचते.

मे क्लोंग हे समुत सोंगख्राम प्रांताचं मुख्य गाव. क्षेत्रफळाने हा थायलंडमधला सर्वांत लहान प्रांत, जेमतेम ४१७ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या मुंबई उपनगर जिल्ह्याहूनही लहान. बँकॉकपासून साधारण सत्तर किलोमीटरवर मे क्लोंग नदी थायलंडच्या आखाताला मिळते, त्या मुखाशी तो वसला आहे. पर्यटनाच्या पुस्तिकेत इथली ‘प्रेक्षणीय स्थळं’ ओळीने छापलेली असतात. पण राजवाडा, किल्ला किंवा पांढऱ्या वाळूची चौपाटी शोधायला आलेला माणूस इथे निराश होईल. इथे बघण्यासारखं जे आहे त्यातलं बहुतेक कुणाचं तरी रोजचं काम आहे, आणि ते काम भरती-ओहोटीच्या तालावर चालतं. पाहुणा आपलं घड्याळ घेऊन येतो, तिथेच त्याची पंचाईत होते.

सुरुवात रेल्वेच्या बाजारापासून करू, कारण जगभर फिरलेलं छायाचित्र त्याचंच आहे. मे क्लोंग स्टेशनात शिरण्यापूर्वीचे शेवटचे काही शे मीटर रुळांच्या दोन्ही बाजूंना बाजार लागतो. ताडपत्र्या आणि छत्र्या रुळावर इतक्या पुढे आलेल्या असतात की खाली रेल्वेमार्ग आहे हे पायाला लागल्याशिवाय कळत नाही. कर्णा वाजतो, आणि मग कुणी घाई करत नाही हीच बघण्याची गोष्ट. विक्रेती बाई एका हाताने बांबू मागे ओढते, ताडपत्री मिटते. मासळीचे ट्रे चाकांच्या फळीवर मांडलेले असतात, ते मागे ढकलले जातात. वांगी, मिरच्या, कोथिंबिरीच्या जुड्या मात्र रुळाला खेटून जमिनीवर तशाच राहतात. डब्याचा तळ त्यांच्यावरून जातो आणि एक पानही हलत नाही, कारण गाडीखाली किती उंचीचा ढीग चालतो हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक झालेलं आहे. शेवटचा डबा सरकला की ताडपत्र्या पुन्हा पुढे. एरवी दिवसातून आठ वेळा, चार येणाऱ्या आणि चार जाणाऱ्या गाड्यांसाठी, हे चालतं.

आता तिथे भाजी घेणाऱ्यांपेक्षा मोबाइल उंचावणाऱ्यांची गर्दी जास्त असते, आणि रुळालगतच्या बऱ्याच दुकानांत मासळीच्या जागी टी-शर्ट व नारळाचं आइस्क्रीम आलं आहे. याबद्दल नाक मुरडण्यात अर्थ नाही; ज्यांची जागा आहे त्यांनी काय विकावं हे त्यांनी ठरवायचं. पण ज्याला खरा बाजार बघायचा असेल त्याने दोन गाड्यांच्या मधल्या वेळात, तेही सकाळी लवकर, आत शिरावं.

गावाच्या दक्षिणेला नदीमुखाशी डॉन होई लॉट आहे. नदीने आणलेला गाळ आणि रेती साचून झालेला हा विस्तीर्ण चिखलपट्टा. पाणथळ भूमींच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत तो २००१ मध्ये आला. भरतीला इथे नुसता समुद्र दिसतो आणि ‘बघायला काही नाही’ म्हणून लोक काठावरच्या खानावळींत बसतात. ओहोटी लागली की तोच समुद्र मागे सरतो आणि माणसं वाकून चालू लागतात. ती शोधतात बोटासारखा लांबट, नळकांडीच्या आकाराचा शिंपला. तो चिखलात उभा रुतून बसतो, वर दिसतं ते फक्त बारीक भोक. पकडणाऱ्याकडे एक काडी आणि चुन्याची डबी असते. भोकाजवळ चिखल हाताने दाबायचा, बुडबुडा आला तर आत कुणी आहे. मग काडीचं टोक चुन्यात बुडवून भोकात खुपसायचं. चुना झोंबतो तसा शिंपला स्वतःच उसळून वर येतो, आणि तेवढ्या क्षणात त्याला चिमटीत धरायचं. चुकलं तर तो पुन्हा खोल जातो.

काडीभर चुना म्हणजे कष्टाची आणि बेताची पकड. चुन्याचं पाणी करून पट्ट्यावर ओतलं की एकदम पुष्कळ शिंपले वर येतात, पण पिल्लंही मरतात आणि तो भाग उजाड होतो. तसे प्रकार झाले, मागणी वाढली, वरून नदीचं पाणीही बदललं, आणि ज्या शिंपल्यावरून या जागेला नाव पडलं तोच दुर्मीळ होत गेला. मार्च ते मे या महिन्यांत दिवसा ओहोटी जास्त वेळ राहते, तेव्हा जाणं बरं. काठावर राजपुत्र चुम्फोन यांचं देऊळवजा स्मारक आहे. थाई नौदलाचे जनक म्हणून त्यांना मान आहे, आणि दर्यावर जाणारे कोळी त्यांना नवस बोलतात.

समुद्रावरून कालव्यांकडे वळलं की पाण्याचा हिशेब आणखी उघड दिसतो. नदीच्या दोन्ही अंगांना कालव्यांचं जाळं आहे आणि त्यांच्यामधे चर खणून उंच वरंबे केलेल्या बागा: नारळ, लिची, पपनस. या बागायतदारांचा जुना बाजार था खा इथे होड्यांमधून भरतो, आणि तो भरतो तिथीवर. शुक्ल आणि वद्य, दोन्ही पक्षांतल्या द्वितीया, सप्तमी आणि द्वादशीला. आपला आठवडी बाजार वारावर बांधलेला असतो, कारण रस्त्याला भरती-ओहोटी नाही. इथे कालव्यात पाणी चढल्याशिवाय नारळाने भरलेली होडी बागेतून निघूच शकत नाही, म्हणून बाजार चंद्राशी जुळवून घेतो. शेजारच्या काही बाजारांनी वेगळ्या तिथी धरल्या, म्हणजे विक्रेत्याला आळीपाळीने सगळे गाठता येतात. उधाण कधी आणि भांग कधी हे तिथीवरून सांगणाऱ्या आपल्या कोळ्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. हल्ली पाहुण्यांसाठी था खाचा बाजार शनिवार-रविवारीही भरतो.

अंफावाचा तरंगता बाजार मात्र पूर्णपणे आठवड्याच्या सुट्टीचा आहे. रस्ते झाले, होड्या मागे पडल्या आणि कालव्याकाठची ही लाकडी पेठ ओस पडत चालली होती. २००४ मध्ये बाजार नव्याने सुरू झाला, तो शुक्रवार ते रविवार, दुपारपासून रात्रीपर्यंत. होडीतच निखाऱ्यावर कोळंबी, माकूल आणि शिंपले भाजून वर काठावरच्या पायऱ्यांवर बसलेल्या गिऱ्हाइकाला देतात. इथे येणारे बरेचसे बँकॉकचे थाई लोकच असतात. कालव्याकाठच्या या वस्तीच्या जतनाला २००८ साली युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत गौरवही मिळाला.

पण अंफावाची खरी कसोटी लागली काजव्यांवरून. इथल्या नदीकाठी लाम्फूची झाडं आहेत, आपल्याकडच्या चिपीच्या कुळातली खारफुटी. त्यांच्यावर जे काजवे बसतात त्यांतले नर एका ठेक्यात उजळतात आणि विझतात, सबंध झाड एकदम. हे बघायला रात्री मोटरबोटी निघू लागल्या. एकामागून एक इंजिनं, लाटांनी ढासळणारा काठ, घराच्या खिडकीवर पडणारे प्रकाशझोत. काठावरच्या काही रहिवाशांनी मग सरळ आपल्या दारचं लाम्फूचं झाडच तोडून टाकलं. काजवे नाहीत, तर बोटी नाहीत, तर झोप लागेल! त्यानंतर इंजिनाऐवजी वल्ह्याच्या होड्या वापराव्यात असा आग्रह सुरू झाला. मे-जूनमध्ये भंडारदऱ्याला गाड्यांच्या दिव्यांच्या रांगेत उभं राहून काजवे बघणाऱ्यांनी अंफावाला गेल्यावर वल्ह्याचीच होडी मागावी. चांदणं नसलेली रात्र निवडली तर दिसतंही जास्त.

याच अंफावात फेब्रुवारी १७६७ मध्ये सयामचा पुढचा राजा दुसरा राम जन्मला, आणि त्यानंतर दोनच महिन्यांत ब्रह्मी सैन्याने राजधानी अयुथ्या बेचिराख केली. हा राजा कवी होता. जावाच्या पंजी कथेवरचं ‘इनाओ’ हे नृत्यनाट्य आणि रामकथेतल्या काही भागांची नाट्यरूपं त्याच्या नावावर आहेत. त्याच्या स्मारक उद्यानात थाई साहित्यात उल्लेख आलेली झाडं लावली आहेत, ही कल्पना मला फार आवडते. अयुथ्या पडल्यानंतर राजा ताक्सिनने ब्रह्मी आक्रमकांना रोखलं त्या बांग कुंगच्या तळावरचं देऊळ इथून जवळच आहे. वड-पिंपळाच्या जातीच्या झाडांनी त्याला मुळांनी असं लपेटलंय की भिंती झाडांना धरून आहेत की झाडं भिंतींना, ते सांगता येत नाही. आत काळोखात सोन्याच्या पत्र्याने मढलेला बुद्ध.

दुसऱ्या रामाच्याच कारकिर्दीत, १८११ मध्ये, मे क्लोंगच्या काठी एका चिनी कोळ्याच्या घरी छातीशी जोडलेले जुळे भाऊ जन्मले, एंग आणि चांग. आपल्याकडच्या बातम्यांत अजूनही ज्यांना ‘सयामी जुळी’ म्हणतात ती मूळची ही. लहानपणी ते बदकाची अंडी विकत. १८२९ मध्ये एका अमेरिकी कप्तानाने त्यांना खेळ करून दाखवायला परदेशी नेलं. पुढे स्वतःच्या हिमतीवर दौरे करून ते नॉर्थ कॅरोलायनात शेतकरी झाले, दोन सख्ख्या बहिणींशी लग्नं केली, दोघांची मिळून एकवीस मुलं झाली. १८७४ मध्ये काही तासांच्या अंतराने दोघं गेले. मे क्लोंगला ते परत कधी आले नाहीत. गावाबाहेर त्यांचा पुतळा आहे.

खारफुटी बघायची तर ख्लोंग ख्लोन. कोळंबी-शेतीच्या लाटेत ही खारफुटी तोडली गेली, तळी काही वर्षांत नापीक झाली, आणि १९९०च्या दशकात गावकऱ्यांनी ती पुन्हा लावायला घेतली. जंगल परतलं तसा जवळाही परतला. आपण जवळा वाळवतो; इथे तो मीठ लावून, उन्हात घालून कुटतात आणि त्याचा जांभळट लगदा, म्हणजे ‘कापी’, होतो. चिखलावर शिंपले वेचणारे एका फळीवर गुडघा टेकतात आणि दुसऱ्या पायाने मागे ढकलत सुसाट जातात. पाहुण्यांनाही फळी देतात. पाहुणे बहुधा तोंडावर पडतात.

आता मे क्लोंगचा खरा मानकरी: प्ला थू. हा आपल्या बांगड्याचा सख्खा भाऊबंद, त्याच प्रजातीतला, फक्त अंगाने आखूड आणि रुंद. बाजारात तो बांबूच्या गोल, उथळ टोपलीत दोन-तीनच्या जोडीने मिळतो, आणि प्रत्येकाची मान खाली मोडलेली. टोपली लहान, मासा लांब. म्हणून कल्ल्यातून आतडं काढून मान वाकवायची, टोपल्या रचायच्या आणि उकळत्या खाऱ्या पाण्यात बुडवायच्या. वाफवलेला म्हणून विकतात, खरा तो मिठाच्या पाण्यात उकडलेला असतो. घरी नेऊन तळायचा आणि कापीच्या ठेच्याबरोबर, उकडलेल्या भाज्यांसोबत भातावर घ्यायचा. मान मोडलेला, अंगाने भरलेला मासा म्हणजे मे क्लोंगचा, अशी गिऱ्हाइकाची खूण.

हा मासा आखाताच्या मध्यभागी, प्राचुआप ते सुरात थानीच्या पाण्यात अंडी घालतो, आणि पिल्लं वाढत वाढत उत्तरेला या गाळाच्या, खाद्याने समृद्ध मुखाशी येतात. म्हणून तिकडे दरवर्षी १५ फेब्रुवारी ते १५ मे मासेमारीवर बंधनं असतात. १९६० नंतर ट्रॉलर वाढले तसा ताण वाढला, आणि गेल्या दशकात प्ला थूची आवक झपाट्याने घसरली. थाई बाजारात आज त्या टोपल्यांत बसलेला मासा पुष्कळदा आयात केलेला, जवळच्याच दुसऱ्या जातीचा असतो. मान त्याचीही तशीच मोडतात. मे क्लोंगला वर्षाअखेरीस प्ला थूची जत्रा भरते. तिथे मासा कुठून आला हे विक्रेत्याला विचारावं. चांगला विक्रेता लपवत नाही.

गावातल्या मुख्य मंदिरातली उभी बुद्धमूर्ती कोळ्यांच्या जाळ्यात सापडली असं सांगतात. जाळ्यात मूर्ती दोन आल्या होत्या. उभी मे क्लोंगला राहिली, बसलेली फेचबुरीच्या कोळ्यांनी आपल्या किनाऱ्यावर नेली. पुढच्या आठवड्यात आपण तिच्या मागोमाग फेचबुरीला जाऊ.