पाण्याखालचे सर्व्हे नंबर

दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाने 1613 मध्ये नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदी अडवली आणि बांधाच्या पोटातच पाणी महाल उभा केला. नर आणि मादी या नावांनी ओळखले जाणारे दोन धबधबे पाहायला पावसाळ्यात आजही गर्दी लोटते. या बांधामुळे जमिनीवर पाणी चढले, काही शिवार गेले, काहींच्या विहिरी भरल्या. ते शिवार कुणाचे होते, याची चौकशी सहसा होत नाही. धाराशिव जिल्ह्यातल्या पुढच्या साऱ्या तळ्याधरणांबाबत मात्र ही चौकशी करता येते, कारण तिथे नकाशे आहेत.

जिल्ह्यातल्या आधुनिक मोजणीची सुरुवात एका कर्जापासून होते. हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चापोटी निजामावर कंपनी सरकारचे देणे साचले आणि 21 मे 1853 च्या तहाने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिव-नळदुर्गचा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात गेला. नळदुर्गचा कारभार फिलिप मेडोज टेलरकडे आला. ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’चा लेखक म्हणून आपण त्याला ओळखतो, तुळजापूर आणि अफजलखानाची स्वारी घेऊन लिहिलेली त्याची ‘तारा’ ही कादंबरी नंतरची. नळदुर्गला येण्याआधी सुरापूरच्या संस्थानात त्याने बोनाळच्या तळ्याचे काम करून घेतले होते. तळ्याचे महत्त्व जाणणारा हा अधिकारी नळदुर्गात जमीन मोजणीच्या मागे लागला. 1857 मध्ये तो वऱ्हाडात गेला, 1860 च्या तहाने हा मुलूख निजामाकडे परतला आणि ते काम अधांतरी राहिले.

शेजारी बार्शीला मात्र अखंड इंग्रजी अंमल. गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी 1830 च्या दशकात इंदापुरात बसवलेली मोजणीची पद्धत तिथे सलग चालत राहिली. साखळी 33 फुटांची, तिचे आणे सोळा, आणि तेहतीस फूट लांब-रुंद चौकोन म्हणजे एक गुंठा. निजामाच्या राज्यात दिवाण सालारजंगांच्या काळात, 1870 च्या दशकात, याच धर्तीवर मोजणी सुरू झाली. त्यामुळे बार्शी आणि धाराशिव या लगतच्या तालुक्यांत साखळी एकच, पण कागदाची भाषा, सन आणि दफ्तर निराळे. बार्शीच्या कागदावर इसवी सन, इकडे फसली; त्यात 590 मिळवले की इसवी सन निघतो. हैदराबादच्या वरच्या दफ्तरात 1880 च्या दशकात फारसीची जागा उर्दूने घेतली. जुना माग काढणाऱ्याला इथले अर्धे काम उर्दू जाणणाऱ्या माणसाशिवाय करता येत नाही, आणि अशी माणसे कमी होत चालली आहेत. नुसत्या स्कॅनिंगने हा प्रश्न सुटणार नाही. कागद वाचणारा हवा.

आता लोहारा तालुक्यातल्या माकणीचे पाणी घ्या. तेरणा नदीवरचा निम्न तेरणा प्रकल्प हा जिल्ह्यातला मोठा जलसाठा. काठावरच्या एखाद्या तुकड्याचा माग काढायचा तर बहुतेक जण सातबाऱ्यापासून सुरुवात करतात. मी उलट सुचवेन. आधी पाणी नव्हते तेव्हाचा नकाशा मिळवावा. सर्व्हे ऑफ इंडियाच्या एका मैलाला एक इंच प्रमाणाच्या जुन्या पत्रकांत हा जिल्हा मुख्यतः 47 एन, 47 ओ, 56 बी आणि 56 सी या क्रमांकांखाली येतो. अमेरिकेच्या कोरोना उपग्रहांनी 1960 ते 1972 या काळात टिपलेली हेरगिरीची छायाचित्रे 1995 मध्ये खुली झाली. ढग आड आले नसतील तर त्यांत धरणाआधीचे तेरणेचे खोरे बांधांसकट दिसू शकते. नदीचे वळण, गाडीवाट, विहीर, देऊळ, गावठाण एवढे यातून हाती लागते. मालकाचे नाव यातल्या एकाही कागदावर नसते.

नावासाठी गावनकाशा आणि टिपण लागते. टिपण म्हणजे मोजणीदाराने बांधावर उभे राहून काढलेले शेताचे रेखाटन, प्रत्येक बाजूची साखळी-आण्यांची नोंद असलेले. त्यावरून सर्व्हे नंबरची हद्द ठरते, सेतवारातून खातेदार सापडतो, आकारबंदातून क्षेत्र आणि सारा. पण इथे एक मोठा अडसर येतो. 1947 च्या तुकडेबंदी कायद्याखाली जिथे एकत्रीकरण झाले, तिथे सर्व्हे नंबर गेले आणि गट नंबर आले. एकत्रीकरणाचा जबाब हाती नसेल तर जुना नंबर कुठल्या गटात विरला ते कळत नाही. काठावरच्या जमिनीचे निम्मे वाद या एका कागदावर अडतात, असे मला वाटते.

मराठवाड्यात सर्वांत जपावा असा दस्त म्हणजे 1954-55 चे खासरा पत्रक. हैदराबाद संस्थानावरची पोलीस कारवाई 1948 ची; त्यानंतर 1950 चा हैदराबाद कूळ कायदा, संरक्षित कुळांच्या नोंदी, इनामांची चौकशी. राज्य बदलले, कायदा बदलला, आणि या धामधुमीत प्रत्यक्ष कोण कसतो आहे, हे गावोगाव टिपणारे पत्रक तयार झाले. दोन वर्षांत, 1956 मध्ये, जिल्हा मुंबई राज्यात गेला आणि दफ्तराची घडी पुन्हा विस्कटली. एका राज्याच्या कागदातून दुसऱ्या राज्याच्या कागदात नोंद उतरताना खातेदाराचे नाव बहुधा टिकले. कुळाचे, बटाईदाराचे, इनाम जमीन पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्याचे नाव गळण्याची भीती जास्त होती. पुढे धरणासाठी 1894 च्या कायद्याने भूसंपादन झाले तेव्हा निवाड्यात मोबदला नोंदलेल्यालाच. ज्याचे नाव आधीच गळले होते, त्याची जमीन कागदोपत्री बुडालीच नाही.

याच्या उलट प्रकारही घडतो. संयुक्त मोजणी होते, निवाडा होतो, पण क्षेत्रातला फरक नोंदवणारे कमी-जास्त पत्रक वेळेवर तयार होत नाही. मग संपादित झालेले क्षेत्र सातबाऱ्यावर जुन्याच नावाने नांदत राहते. तळ्याचे दृश्य दाखवून बंगल्यासाठी प्लॉट विकायला काढला जातो तेव्हा ही ढिलाई महागात पडते. 1966 च्या जमीन महसूल संहितेचे कलम 20 स्पष्ट आहे: नदी-तळ्यांचे तळ खासगी मालकीचे नसतील तर ते शासनाचे. घेणाऱ्याने सातबाऱ्यावर न थांबता निवाडा, संयुक्त मोजणीचा नकाशा आणि पूर्ण संचय पातळीची रेषा मागून घ्यावी.

माकणीच्याच टापूत 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेने नकाशात आणखी एक थर घातला. किल्लारीच्या भूकंपानंतर माकणीच्या जलाशयाचा त्याच्याशी संबंध आहे का, यावर भूशास्त्रज्ञांत बरीच चर्चा झाली. जमिनीच्या कागदांपुरते सांगायचे तर सास्तूरसारख्या गावांच्या टापूत नव्या वसाहतींसाठी पुन्हा शेते संपादित झाली. एकाच पिढीने धरणासाठी आणि पुनर्वसनासाठी अशी दोनदा मोजणीची साखळी आपल्या बांधावर पाहिली. इथल्या नकाशावर जुने गावठाण, नवे गावठाण आणि बुडीत रेषा एकत्र मांडून पाहिल्याशिवाय कुठल्याच उताऱ्याचा अर्थ लावू नये.

हे सारे जुन्या दफ्तरांचे वेड वाटत असेल, तर पाणी ओसरू लागल्यावर जलाशयाच्या काठी जाऊन पाहावे. उघड्या पडलेल्या गाळावर हरभरा, ज्वारी, कलिंगड घेतात, ही गाळपेर. जमीन शासनाची असते, हंगामापुरती भाडेपट्ट्याने मिळते, आणि ती देताना त्याच प्रकल्पात जमीन गेलेल्यांना अग्रक्रम असतो. तो हक्क सांगायचा तर आपल्या आजोबांचा सर्व्हे नंबर नेमका या पाण्याखाली गेला, हे दाखवावे लागते. निवाड्याची नक्कल घरात ज्यांनी जपली, त्यांचा अर्ज उभा राहतो. ज्यांची नक्कल भूकंपात भिंतीखाली गेली, त्यांना ती भूसंपादनाच्या दफ्तरातून शोधून, टिपणाशी जुळवून विनाशुल्क मिळावी. जिल्हा प्रशासनाने दर जलाशयाची बुडीत सर्व्हे नंबरांची यादी जुन्या-नव्या क्रमांकांसह त्या त्या ग्रामपंचायतीत लावावी, आणि तीही गाळपेरीचे अर्ज निघण्याच्या आधी.