आमची पद्मिनी आणि नवी मोटार

गेल्या महिन्यांत आमच्या घरांत एका प्रश्नावरून दोन पक्ष पडले. दादरहून पुण्यास जावयाचें तें थोरल्या बंधूंच्या जुन्या पद्मिनींतून, कीं पुतण्यानें नुकत्याच आणलेल्या डिझायरमधून? बरोबर वहिनींचें सहा महिन्यांचें नातवंड होतें. त्यामुळें प्रश्न थट्टेवारी नेतां येईना.

कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यांत 1964 पासून इटलीच्या फियाट 1100 डिलाइटच्या रूपानें ही गाडी निघूं लागली. पद्मिनी हें नांव तिला 1974 सालीं मिळालें. मुंबईंतील शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची वयोमर्यादा संपून 2023 च्या ऑक्टोबरांत रस्त्यावरून गेली. थंडीच्या सकाळीं चोक ओढून तिला जागें करावें, सुकाणूलगतच्या दांड्यानें गिअर टाकावा, पुढच्या अखंड बैठकीवर तिघांनीं दाटीवाटीनें बसावें, हें सुख आम्हीं चाळीस वर्षें उपभोगिलें आहे. शिवाय तिचें झांकण उघडलें कीं काय बिघडलें तें डोळ्यांना दिसतें. नवीचें उघडल्यावर आम्हांस काळ्या प्लॅस्टिकखेरीज कांहीं दिसलें नाहीं!

गंमत अशी कीं, दोघींचीं यंत्रें आकारानें जवळजवळ सारखींच. पद्मिनीचें 1089 घन सेंटिमीटरांचें, चार सिलिंडरांचें. 2024 च्या डिझायरचें 1197 चें, आणि सिलिंडर तीनच. तरी नवीची शक्ति दुपटीच्या घरांत. कारब्युरेटरच्या अंदाजाऐवजीं तेथें संगणक पेट्रोलचा थेंबाथेंबानें हिशेब ठेवतो, हें त्याचें एक कारण.

परंतु खरा वाद पत्र्याचा. "हिचा पत्रा पाहा, आणि नवीचा तो पापड पाहा," हें बंधूंचें आवडतें वाक्य. आम्हांसही पूर्वीं तें पटे. वस्तुतः टक्कर झाली म्हणजे वेगाचा जोर कोठें तरी जिरलाच पाहिजे. नव्या मोटारीचें नाक मुद्दाम चुरगळेल असेंच घडविलेलें असतें. तें चुरगळण्यांत क्षणाचा जो अंश जातो, तेवढ्यांत पट्टा आणि हवेची पिशवी माणसास सावरून धरतात. बैठकीभोंवतींचा सांगाडा मात्र कठीण पोलादाचा. जुन्या गाडींत अशी योजनाच नाहीं. धक्का आंतल्यांच्या हाडांवर येतो, आणि सुकाणूचा न दुमडणारा दांडा चालकाच्या छातीसमोर भाल्यासारखा उभा असतो. डिझायरला सहा पिशव्या आहेत. ताशीं 64 किलोमीटर वेगानें गाडी आपटून पाहण्याच्या ग्लोबल एनकॅपच्या 2024 च्या कसोटींत प्रौढांच्या रक्षणाबद्दल तिला पांच तारे मिळाले. आमच्या पद्मिनींत तर बाळाची खुर्ची बांधावयास मागें पट्टाही नाहीं.

हें ऐकून बंधू कांहीं वेळ गप्प राहिले. मग स्वतःच जाऊन त्यांनीं ती खुर्ची नवीच्या मागल्या बैठकीवर घट्ट बसविली व तीनदां हलवून पाहिली. पद्मिनी विकावयाची गोष्ट मात्र कोणीं काढली नाहीं. तिच्या नोंदणीचें पांच वर्षांचें नूतनीकरण येत्या चैत्रांत आहे, आणि ब्रेकचे ड्रम बंधूंनीं आतांच उतरवून ठेविले आहेत.