विंडोजला हात न लावता

सांगलीतल्या स्टेशन रोडजवळच्या त्या लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात मी शिरलो, ते काचेवर चिकटवलेल्या एका ओळीमुळे : ‘विंडोजला हात न लावता लिनक्स बघा.’ एरवी दुरुस्तीवाल्याचं पहिलं वाक्य ‘फॉरमॅट मारावा लागेल’ हे असतं. इथे कुणीतरी हात न लावण्याचे पैसे घेत होतं.

काउंटरवर साताऱ्याचा एक पोरगा होता. शिकायला सांगलीत, खोली विश्रामबागेत. लॅपटॉप वडिलांनी हप्त्यावर घेतलेला : सातव्या पिढीचा आय-फाइव्ह, जीटीएक्स 1050 ग्राफिक्स, एक टीबीची हार्ड डिस्क. गेम अजून झकास चालतात. पण विंडोज 10 ची नेहमीची सुरक्षा अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबली, आणि विंडोज 11 ला साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. मायक्रोसॉफ्टकडे नाव नोंदवलं तर विंडोज 10 ची अपडेट त्या तारखेनंतर आणखी वर्षभर, एवढंच. साताऱ्यात त्याला ‘नवीन घे’ असं सांगण्यात आलं होतं. “चालतोय की चांगला. नवीन कशाला?” तो म्हणाला. मला त्याचं पटलं. धडधाकट यंत्र केवळ तारीख उलटली म्हणून भंगारात काढणं ही कंपन्यांची सोय आहे, आपली नाही.

दुकानदाराने लॅपटॉप उघडण्याआधी विचारलं, “48 आकडे आहेत का?”

पोराला कळलं नाही, मलाही नाही. डिस्कला बिटलॉकरचं कुलूप असेल आणि बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सेटिंग्जमध्ये, काही बदललं, तर विंडोज पुढच्या वेळी 48 आकडी रिकव्हरी की मागू शकतं. ती नसेल तर आतलं सगळं गेलं. नव्या लॅपटॉपवर हे कुलूप बऱ्याचदा मालकाच्या नकळत लागलेलं असतं. पोराच्या लॅपटॉपवर ते नव्हतं, हे दुकानदाराने सेटिंग्जमध्ये जाऊन पाहिलं आणि मगच पेनड्राइव्ह काढला. मी तिथे होतो तेवढ्यात आलेल्या प्रत्येकाला त्याने तेच विचारलं. “48 आकडे?” एका बाईंना वाटलं, आधार नंबर मागतोय.

पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट होतं. एफ-ट्वेल्व्ह दाबून त्यावरून मशीन सुरू केलं. ही व्यवस्था मेमरीत चालते; बंद केलं की पुसलं जातं. “हे इन्स्टॉलचं चित्र सोडून कशालाही हात लाव,” दुकानदार म्हणाला. वायफाय लागलं, आवाज आला, टचपॅड चालला. पोराने लगेच गेम टाकायची घाई केली तर दुकानदाराने अडवलं : “भावा, पेनड्राइव्हवर गेमचा न्याय करायचा नाही. एनव्हिडियाचा ड्रायव्हर अजून पडलेला नाही.”

पुढचं काम मी अजून विसरलेलो नाही. मागचं झाकण उघडलं. सोल्डर आणि स्पिरिटसारखा एक उग्र वास आधीपासून होताच, त्यात तापलेल्या धुळीचा वास मिसळला. स्क्रू चुंबकाच्या पट्टीवर ओळीने लावले. जुनी हार्ड डिस्क काढून चंदेरी पिशवीत घातली, पिशवीवर मार्करने नाव लिहिलं आणि ती पोराच्या हातात दिली. “ही तुझ्याजवळ धर. आता माझी चूक झाली तरी तुझं काही जात नाही.” एसएसडीसाठीची रिकामी जागा लॅपटॉपमध्ये होतीच; तिथे नवी बसवली आणि लिनक्स त्या एसएसडीवर टाकलं. मग डिस्क परत आत. सुरू करताना एफ-ट्वेल्व्ह दाबून हवं ते निवडायचं. एकाच डिस्कचे तुकडे पाडून दोन्ही नांदवता येतात, पण घोळ बहुतेक त्या तुकडे पाडण्यातच होतात, असं दुकानदाराचं म्हणणं.

आता गेम. वाल्व्ह कंपनीने 2018 मध्ये स्टीम या आपल्या गेमच्या ऑनलाइन दुकानात प्रोटॉन आणलं. विंडोजसाठी लिहिलेला गेम त्याच्या मध्यस्थीने लिनक्सवर चालतो. 2022 चं स्टीम डेक हे यंत्र त्याच बळावर उभं आहे. काउंटर-स्ट्राइक 2 ला तर मध्यस्थही लागत नाही. जीटीए फाइव्हची कथा खेळता येते, पण 2024 च्या सप्टेंबरपासून ऑनलाइन नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर एपेक्स लेजेंड्सनेही लिनक्सला दार लावलं. व्हॅलरंट तर नाहीच : त्याचं वॅनगार्ड हे फसवाफसवी रोखणारं सॉफ्टवेअर विंडोजच्या कर्नलमध्ये बसून पहारा करतं, लिनक्ससाठी ते बनवलेलंच नाही. दुकानदार हे आधीच सांगतो, गिऱ्हाईक गेलं तरी. ‘सगळं चालतं’ म्हणणाऱ्या लिनक्सभक्तांपेक्षा मला तो जास्त विश्वासाचा वाटला. क्रॅक केलेल्या गेमबद्दल विचारलं की मात्र त्याला ऐकू येत नाही.

वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्यांचा लिनक्स युजर्स ग्रुप आहे, त्यामुळे सांगलीत हे नाव परकं नाही. साताऱ्याच्या पोराला लिनक्स पहिल्यांदा दिसलं तेही खोलीतल्या सोबत्याच्या लॅपटॉपवर.

जो फक्त व्हॅलरंट खेळतो त्याने या खटाटोपात पडू नये. बाकीच्यांनी जरूर बघावं. मात्र दुकानात जाण्याआधी मायक्रोसॉफ्ट खातं उघडून ते 48 आकडे कागदावर उतरवून घ्यावेत. त्यांचा फोटो त्याच लॅपटॉपमध्ये ठेवू नका.