वावरातली पारख विंचवाच्या विषापर्यंत



सोयाबीनची सोंगणी आटोपलेली असते. वावरात गंजी लागलेली असते. घरची माउली सकाळी चुलीसाठी पऱ्हाट्यांची मोळी उचलायला जाते आणि बोटाला आग लागल्यासारखी ओरडते. विंचू! मग एक जण चुना आणतो, दुसरा कांदा ठेचतो, तिसरा मंत्र घालणाऱ्याला बोलवायला धावतो. संध्याकाळपर्यंत कळ ओसरली की सारे म्हणतात, "उतरला बाप्पा विंचू!"

पण उतरवला कोणी? चुन्याने, कांद्याने, मंत्राने, की तो आपोआपच उतरला? हा प्रश्न साधा दिसतो. पण याच प्रश्नाचे उत्तर शोधताना गणित, पदार्थविज्ञान आणि वैद्यक ही तीन शास्त्रे एकत्र आली, आणि त्या शोधाची एक वाट शेतातून गेली आहे. तीच हकिकत आज सांगायची आहे.

एकाच वावरात दोन पट्टे

समजा, तुम्ही यंदा नवे खत टाकले आणि कापूस चांगला पिकला. ते श्रेय खताचे की पावसाचे? हे कळायचे तर त्याच वावरात काही पट्टे खताचे आणि काही बिनखताचे ठेवावे लागतात. पण चांगली काळी जमीन खताला आणि धुऱ्याकडची मुरमाड जमीन बिनखताला दिली, तर तो न्याय झाला नाही. म्हणून कोणता पट्टा कोणाला, हे चिठ्ठी टाकून ठरवायचे. ही रीत इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथील शेती संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर या गणितज्ञाने बसवली. तो तेथे १९१९ मध्ये रुजू झाला होता.

आपल्याकडे डॉ. वि. गो. पानसे आणि साताऱ्याकडच्या बुध गावचे डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी हे गणित शेतीत रुजवले. दोघांनी मिळून लिहिलेला शेती संख्याशास्त्राचा इंग्रजी ग्रंथ १९५४ मध्ये निघाला आणि कृषी महाविद्यालयांतून पिढ्यान् पिढ्या शिकवला गेला. गावे आणि वावरे चिठ्ठीने निवडून कापसाचा उतारा मोजण्याचे आरंभीचे काम १९४० च्या दशकात आपल्या अकोला जिल्ह्यातच झाले. आज पीक विम्यासाठी होणारे पीक कापणी प्रयोग त्याच वंशातले. अकोल्याला १९६९ साली स्थापन झालेल्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर शिवारफेरीला गेला असाल, तर लहान लहान वाफे आणि प्रत्येकावर रोवलेली पाटी तुम्ही पाहिलीच असेल. ती हीच रीत.

शेतातून दवाखान्यात

वावराला जे लागू, ते माणसालाही लागू पडेल काय? ब्रिटनमध्ये याची परीक्षा झाली आणि तिचा निकाल १९४८ साली निघाला. क्षयावर स्ट्रेप्टोमायसीन हे औषध नवे होते आणि त्याचा साठा थोडा होता. सर्वांना पुरणे शक्य नव्हते, म्हणून कोणाला द्यायचे ते चिठ्ठीसारख्या पद्धतीने ठरवले. ५५ रुग्णांना औषध मिळाले, ५२ जणांना नेहमीप्रमाणे नुसती विश्रांती. सहा महिन्यांत पहिल्या गटातले ४ दगावले, दुसऱ्यातले १४. औषधाचा गुण आकड्यांनी सिद्ध झाला, आणि तो अहवाल 'ब्रिटिश मेडिकल जर्नल' या साप्ताहिकात छापून आला. या साप्ताहिकाचे नाव लक्षात ठेवा.

भोकरदनचा मुलगा, महाडचा डॉक्टर

जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्यात देहेड नावाचे गाव आहे. तेथील गरीब शेतकरी घरात १९५१ साली जन्मलेले हिम्मतराव बावस्कर नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकून डॉक्टर झाले. १९७६ मध्ये ते कोकणात महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तेथे लाल विंचू चावलेली माणसे येत, आणि गंभीर झालेल्यांपैकी शंभरात तीस-चाळीस जण दगावत. त्यात लहान मुले फार.

डॉक्टरांनी रुग्णाच्या खाटेशी बसून प्रत्येकाची नाडी, रक्तदाब, घाम, श्वास लिहून ठेवायला सुरुवात केली. टिपणांतून एक गोष्ट दिसली : मृत्यू वेदनेने होत नाही, हृदय आणि फुप्फुसे थकल्याने होतो. ही धोक्याची लक्षणे त्यांनी १९८२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यक साप्ताहिकातून जगापुढे मांडली.

येथे पदार्थविज्ञान मदतीला येते. विहिरीवरची मोटार चालू आहे आणि कोणी पाइपाचा व्हॉल्व जवळजवळ बंद केला, तर काय होते? मोटार घरघरते, तापते, दाब वाढतो आणि पाणी जोडातून फुटते. लाल विंचवाच्या विषाने शरीरात तसेच होते. रक्तवाहिन्या आवळतात, हृदयाला दाबाविरुद्ध रक्त ढकलावे लागते, ते थकते आणि फुप्फुसात पाणी साचते.

मग आवळलेला व्हॉल्व उघडला तर? रक्तदाबावरची प्राझोसिन नावाची गोळी नेमके तेच करते. डॉ. बावस्करांनी ती विंचूदंशावर वापरली आणि १९८६ मध्ये त्याचा अहवाल 'लॅन्सेट'मध्ये आला. पुढे गंभीर रुग्णांतील मृत्यू शंभरात एक ते चारांवर आले. या कामात त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर बरोबरीने होत्या.

चिठ्ठीचा कौल

नंतर विंचवाच्या विषावरची प्रतिविष लस मिळू लागली. लस विषालाच निकामी करते. मग ती गोळीसोबत दिल्यास अधिक गुण येतो काय? पुन्हा वावरातली रीत! महाडला ७० रुग्णांचे दोन गट पाडले, ३५ आणि ३५. गोळी दोन्ही गटांना दिली, कोणालाही उपचाराविना ठेवले नाही. लस मात्र एकाच गटाला. दहा तासांनी पाहिले, तर लस मिळालेल्यांपैकी ३२ जण विषाच्या लक्षणांतून मोकळे झाले होते, नुसत्या गोळीवर ८ जण. २०११ मध्ये हा निकाल छापला तो त्याच 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने. २०२२ साली डॉ. बावस्करांना पद्मश्री मिळाली.

मग मंत्राचे काय?

विंचू चावलेल्यांपैकी अनेकांना नुसती कळ येते आणि ते आपोआप बरे होतात. त्या बऱ्या होण्याचे श्रेय जो जवळ असेल त्याला मिळते. जे दगावतात, त्यांना "नशीब" म्हणून विसरले जाते. दोन पट्टे शेजारी ठेवून मोजल्याशिवाय हा भ्रम फिटत नाही. मंत्राने नुकसान होते ते वेळ गेल्याने.

एवढे ध्यानात ठेवा

नुसती जागेवर कळ असेल तरी दवाखाना गाठावा. पण भरपूर घाम, उलट्या, हातपाय गार पडणे, मुलग्यांना किंवा पुरुषांना लघवीच्या जागी ताठरपणा, ही लक्षणे दिसली तर क्षणभरही थांबू नका. लाजून काही लपवू नका, डॉक्टरांना ते कळणे जरुरीचे आहे. खोकला, दम, तोंडाला फेस हे फार पुढचे टप्पे आहेत. जखम कापू नका, चोखू नका, घट्ट बांधू नका. १०८ क्रमांकाला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने आरोग्य केंद्र गाठा. प्राझोसिन घरी मनानेच देऊ नका. तिने रक्तदाब एकदम उतरू शकतो, म्हणून ती डॉक्टरांच्या नजरेखाली आणि रुग्णाला आडवे ठेवूनच द्यायची असते.

पऱ्हाट्या, गोवऱ्या, कुटार हाताळताना आधी काठीने हलवा. जोडे झटकून घाला. आणखी एक गंमत : विंचवाचे अंग अतिनील प्रकाशात हिरवट-निळे चमकते. नोटा तपासायच्या जांभळ्या बॅटरीने रात्री कोठ्याचे सांदीकोपरे पाहिले, तर अंधारात दडलेला विंचू दिसून येतो.

आणि पुढच्या हंगामात कृषी सहायक म्हणाला, "दादा, एक पट्टा बिनऔषधाचा ठेवा, तुलना करू," तर जागा वाया गेली म्हणून कुरकुर करू नका. तशाच पट्ट्यांतून निघालेल्या रीतीने कुणाचे तरी लेकरू वाचले आहे.