प्रार्थनेची थकबाकी

२६ ऑक्टोबर १५१६ रोजी मार्टिन ल्यूथरने विटेनबर्गहून योहान लांग या मित्राला पत्र लिहिलं. दोन लेखनिक दिले तरी पुरणार नाहीत एवढी कामं अंगावर आहेत, अशी त्याची तक्रार होती. मठात प्रवचन, जेवणाच्या वेळचं वाचन, गावातल्या चर्चमध्ये उपदेश, अकरा मठांची देखरेख, लाइत्सकाऊच्या तळ्यातल्या माशांची व्यवस्था, टोरगाऊतल्या एका वादाचं काम, पौलाच्या पत्रांवर व्याख्यानं, स्तोत्रांवरच्या टिपणांची जुळवाजुळव. यादी सांगून झाल्यावर तो लिहितो, की ठरलेल्या प्रहरांच्या प्रार्थना पुऱ्या म्हणायला आणि मिस्सा अर्पायला क्वचितच सवड मिळते.

माशांचं तळं वगळलं तर ही यादी आजच्या एखाद्या पाळकसाहेबांची म्हणून सहज खपेल. रविवारची उपासना, गृहसभा, दवाखान्यातल्या भेटी, मयत, बाप्तिस्मे, मंडळीच्या पैशांचा हिशेब, चर्चच्या जागेचं कोर्टात रेंगाळलेलं प्रकरण. शिवाय जाईल तिथे चहाचा कप खाली ठेवताना आग्रह असतोच, ‘पाळकसाहेब, जाता जाता प्रार्थना करा ना.’ ते करतातही, आणि चांगली करतात. दिवसभर तोंडी प्रार्थनाच असते, त्यामुळे एकट्याने करायची राहून गेली हे त्यांच्या स्वतःच्याही लक्षात येत नाही. बाकीच्या ख्रिस्ती माणसाने प्रार्थना सोडली तर ती सुटल्याचं त्याला कळतं. पाळकाला ते कळायला वर्षं लागतात, आणि मंडळीला तर कधीच कळत नाही.

ल्यूथरला ते कळत होतं, कारण त्याच्याकडे हिशेब होता. १५०५ साली एरफुर्टच्या ऑगस्टिनी मठात शिरल्यापासून दिवसाच्या नेमलेल्या प्रहरांना स्तोत्रं म्हणणं त्याला बंधनकारक होतं. शिकवण्या-लिहिण्याच्या व्यापात ती राहायची. मग तो ती साठवायचा. आठवड्याची, कधी दोन-तीन आठवड्यांची. नंतर एखादा शनिवार मोकळा काढून, किंवा तीन-तीन दिवस अन्नपाण्याविना स्वतःला कोंडून घेऊन, सगळी थकबाकी एकदम फेडायची. अशाच एका फेडीनंतर डोकं फुटायची वेळ आली, पाच रात्री डोळ्याला डोळा लागला नाही, असं त्याने पुढे जेवणाच्या टेबलावर शिष्यांना सांगितलं आणि त्यांनी ते टिपून ठेवलं. १५२० च्या सुमारास त्याने हे ओझं कायमचं उतरवलं.

त्याने ज्या रोमन कॅथलिक चर्चची साथ सोडली, तिथे तो नेम अजून चालू आहे. वसईच्या किंवा गोव्याच्या फादरांनाही डीकन झाल्यापासून प्रहरांच्या प्रार्थना बंधनकारक असतात, आणि चर्चच्या कायद्याचं २७६ वं कलम त्याची आठवण करून देतं. पूर्वी दीडशे स्तोत्रं आठवड्यात फिरवायची असत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतरच्या सुधारणेत, १९७० पासून, ती चार आठवड्यांवर पसरली. कामाच्या रेट्यातल्या धर्मगुरूचा विचार त्यामागे असावा असं मला वाटतं. त्या दिवशी मन लागलं की नाही, हा प्रश्न इथे दुय्यम असतो. प्रार्थना चर्चची आहे आणि फादर तिच्यात आपला आवाज मिसळतात.

प्रॉटेस्टंट पाळकापुढची अडचण उलटी आहे. त्याला बांधलेलं काही नाही. रोज सकाळी आपल्याच शब्दांत, आपल्याच मनातून सुरुवात करायची. ऐकायला हे मोकळं वाटतं, पण ज्याचे शब्द दिवसभर दुसऱ्यांसाठी खर्च होतात, त्याच्याकडे पहाटे स्वतःचे शब्द शिल्लक असतीलच असं नाही. आध्यात्मिक कोरडेपणाच्या बऱ्याच तक्रारींचं मूळ मला इथेच दिसतं.

थकबाकी आणि मोकळेपणा ही दोन्ही टोकं पाहून झाल्यावर, १५३५ साली, ल्यूथरने एक छोटी पुस्तिका छापली. त्याचा न्हावी पेटर बेस्केनडॉर्फ याने प्रार्थना कशी करावी असं विचारलं होतं, त्याला दिलेलं हे उत्तर. सुरुवातच कबुलीने होते. कामांमुळे मन थंड पडलं, प्रार्थना नकोशी झाली की मी स्तोत्रसंहिता घेऊन खोलीत जातो, किंवा लोक जमलेले असतील तर चर्चमध्ये, आणि दहा आज्ञा, विश्वासांगीकार वगैरे लहान मुलासारखं शब्द न् शब्द म्हणतो. प्रार्थना सकाळचं पहिलं आणि रात्रीचं शेवटचं काम असावं. ‘थांब, तासाभराने करू, आधी एवढं उरकू’ या विचारापासून सावध राहावं, कारण ते एवढं कधी उरकत नाही. लक्ष कुठे असावं हे सांगताना तो न्हाव्याचाच दाखला देतो. वस्तरा चालवताना नजर दुसरीकडे गेली तर गिऱ्हाइकाचं नाक किंवा गळा कापला जाईल.

पुढची रीत साधी आहे. एक आज्ञा घ्यायची आणि तिच्यातून चार पदरी माळ ओवायची: शिकवण, आभार, पापांगीकार, मागणं. चोरीविषयीची आज्ञा घेतली तर पाळकाला आधी तिचा अर्थ पाहावा लागेल, मग आपल्याला मिळालेल्या भाकरीबद्दल आभार मानावे लागतील. तिसऱ्या पदराशी मात्र तो अडखळेल, कारण दुसऱ्याचा उपदेश आपला म्हणून खपवणं आणि मंडळीतल्या कुणाच्या कष्टांचं श्रेय घेणं हेही त्याच आज्ञेत येतं. सगळे पदर रोज ओवायचा हट्ट ल्यूथर धरत नाही. एकाच विचाराने मन पेटलं तर बाकीचे सोडून द्यावेत, गप्प बसून ऐकावं आणि सुचलेलं टिपून ठेवावं, असं तो सांगतो. साठवून फेडण्याची भाषा इथे उरलेली नाही.

पाळकांच्या शिबिरांत मात्र ल्यूथरचं दुसरंच वाक्य फिरतं: आज काम फार आहे म्हणून तीन तास प्रार्थना करायला हवी. त्याच्या लेखनात या वाक्याला आधार मिळत नाही. फाइट डीट्रिश या सहकाऱ्याने १५३० साली लिहिलं होतं, की ल्यूथर रोज किमान तीन तास प्रार्थनेत घालवतो. पण तेव्हा तो कोबुर्गच्या किल्ल्यात, विटेनबर्गच्या मंडळीपासून दूर अडकलेला होता. दाराशी माणसं उभी असलेल्या पाळकावर तो आकडा लादणं म्हणजे त्याला पुन्हा थकबाकीत ढकलणं.

पेटरचं पुढे काय झालं, तेही सांगायला हवं. पुस्तिका छापली त्याच वर्षी ईस्टरच्या सुमारास, जेवणाच्या टेबलावर, त्याने आपल्या जावयाला भोसकून मारलं. ल्यूथरने त्याच्यासाठी रदबदली केली. जीव वाचला, शिक्षा हद्दपारीवर निभावली, घरदार गेलं. ही पुस्तिका प्रार्थनेचा रामबाण म्हणून वाटणाऱ्यांनी हा भाग गाळू नये.

मराठी पाळकाला पाठ शब्दांसाठी जर्मनीपर्यंत जायला नको. ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक घरात असतंच, त्यात नारायण वामन टिळकांची पदं आहेत, आणि त्यातली बरीच त्याला लहानपणापासून पाठ असतात. एखादं पद हळू म्हणत चार पदरांतून नेता येतं. फक्त ते येत्या रविवारचं नसावं, आणि वचनाचा भाग घेतला तर तोही उपदेशाचा नसावा. नाहीतर दुसऱ्याच ओळीला मुद्दे सुचू लागतात, तिसरीला दाखला सापडतो आणि पाळकसाहेब प्रार्थनेतून उठून टेबलाशी जाऊन बसतात. जे टिपायचं ते टिपावं, पण त्यासाठी वही वेगळी असावी.